विंटेज सायकल स्वस्तात शोधताय? सांगली-मिरजेत फिरताना या चुका टाळा

दोन हजारात मिळाली म्हणून जुनी सायकल स्वस्त पडत नाही. जो पार्ट आज कुठंच नवा मिळत नाही तो शाबूत असला तर ती स्वस्त, नाहीतर फुकट दिली तरी महाग. टायर, ट्यूब, चेन, ब्रेकचे रबर, तारा, छर्रे हे सगळं आजही कुठल्याही सायकल मार्टात मिळतं, कारण जुन्या इंग्लिश सायकलीचा २८ बाय १½ चा टायर आणि आपल्या दूधवाल्याच्या काळ्या सायकलीचा टायर एकच. पण लोक बरोबर उलटं बघतात, टायर फाटलाय आणि गंज दिसतोय म्हणून चांगली हंबर (जुनी इंग्लिश कंपनी) तिथंच सोडून येतात आणि काळा रंग चकाकतोय म्हणून चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क) वाकलेली घेऊन येतात.

पहिली चूक म्हणजे बिल्ला बघून किंमत ठरवायची. हँडलखाली पुढच्या नळीवर रॅले या इंग्लिश कंपनीचा बगळा दिसला की माणूस पाघळतो, आणि विकणाऱ्याला ते लगेच कळतं. बिल्ला दोन स्क्रूवर नाहीतर रिव्हेटवर असतो, तो कुठल्याही फ्रेमवर बसवता येतो, आणि स्टिकर तर नवे छापून मिळतात. शिवाय रॅले म्हणजे प्रत्येक वेळी नॉटिंगहॅमची असं नाही, आसनसोलला बनलेली सेन-रॅले पण आपल्या भागात भरपूर फिरली. तसंच हर्क्युलिस, फिलिप्स, बीएसए ही नावं मुळात बर्मिंगहॅमची, पण १९४९ ला मद्रासला टीआय सायकल्स सुरू झाली आणि नंतर याच नावाच्या सायकली इथंच बनायला लागल्या. या देशी सायकली वाईट अजिबात नाहीत, माझ्या मते जुनी सेन-रॅले चालवायला मस्तच आहे, आणि मुंबईची हिंद किंवा सोनीपतची अ‍ॅटलस (कंपनी १९५१ ची) जुन्या रंगात मिळाली तर जरूर घ्या, फक्त इंग्लिशचे पैसे देऊ नका.

मग बघायचं काय? चेनव्हील बघा, म्हणजे पायडलपाशी चेन चढते ते दातेरी चाक. जुन्या कंपन्यांनी आपली ओळख तिथं कापून ठेवलीये. रॅलेच्या चेनव्हीलमध्ये बगळे असतात, हंबरच्या चेनव्हीलमध्ये पाच माणसं, रज कंपनीच्या चेनव्हीलमध्ये हाताचा पंजा, बीएसएचं तर नावच कोरलेलं. हंबरचा वरचा मॉडेल असेल तर पुढचा चिमटा एका बाजूला दोन नळ्यांचा, म्हणजे एकूण चार नळ्यांचा असतो, तो लांबूनच ओळखू येतो. बिल्ला एक सांगतोय आणि चेनव्हील दुसरंच सांगतंय असं दिसलं तर ती जोडाजोडीची सायकल. जोडाजोडीची घ्यायला हरकत नाही, पण मग भाव पण जोडाजोडीचा.

आता आपल्या सांगलीची खास गोष्ट, जी पुण्या-मुंबईचे लोक सांगणार नाहीत. पुराची सायकल. २००५, मग ऑगस्ट २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं ते, मग परत जुलै २०२१. गावभाग, मारुती चौक, हरभट रोड, खणभाग, सगळीकडं तळमजल्यावर आणि बोळात ठेवलेल्या सायकली दिवसच्या दिवस पाण्यात होत्या. पाणी उतरल्यावर लोकांनी वरवर धुतल्या, काही भंगारात घातल्या, आणि त्यातल्या बऱ्याच नंतर रंग मारून परत बाजारात आल्या. बाहेरून कळत नाही. आत नळीत कृष्णेची मळी बसलेली असते आणि ती ओल धरून ठेवते, म्हणजे फ्रेम आतून कुजते आणि वरून चकचकीत राहते.

हे ओळखायला सीट काढा, सीटचा पाइप बाहेर घ्या (परवानगी मागून), सायकल उलटी करा आणि फ्रेमवर तळहाताने हलके फटके मारा. काळपट पिठासारखी बारीक माती पडली की समजा पुराची आहे. गंजाचा भुगा तांबूस असतो आणि जरा जाडसर, मळी काळसर आणि बोटात मऊ लागते, दोन्हीतला फरक एकदा बोटावर घेतला की परत विसरत नाही. दिव्याची काच, डायनामोचं तोंड, बेलची वाटी, इथं पण मातीची रेघ राहते कारण धुताना तिथं कोण हात घालत नाही. मागच्या हबला (चाकाच्या मधल्या गड्ड्याला) तेल घालायचं छोटं टोपण असतं, ते उघडून काडी आत घाला, काडीला चिखल लागला तर आतले छर्रे आणि वाट्या गेल्या असं धरूनच भाव करा. पुराची म्हणून लगेच सोडायची गरज नाही, लवकर उघडून साफ केलेली असेल तर ठीक असते, पण पायडलच्या एक्सलची नळी खालून स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा, आवाज खणखणीत यायला पाहिजे, बदबद आला तर तिथं पत्रा राहिलेला नाही.

वरच्या गंजाला मात्र घाबरू नका. हँडलवर, रिमवर तपकिरी ठिपके दिसतात ते बऱ्याचदा क्रोमवर बसलेले असतात, किचनमधला अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा चुरगाळून पाण्यात बुडवून घासला की निघतात. सँडपेपर लावू नका, पॉलिश पेपर पण नको, क्रोम कायमचं जातं.

फ्रेम वाकलीय का हे बघायचं राहतं आणि सगळ्यात जास्त पैसे इथंच बुडतात. समोरून धडकलेली सायकल असेल तर पुढच्या नळीच्या जरा मागं, वरच्या दांडीच्या आणि खालच्या नळीच्या पोटाला, एक बारीक सुरकुती येते. डोळ्याला दिसत नाही, बोट फिरवलं की लागते, आणि तिथं रंगाला आडवे तडे असतात. चिमटा बाजूने बघायचा, त्याचा वरचा सरळ भाग पुढच्या नळीच्या रेषेतच खाली उतरला पाहिजे, मागं दबलेला असेल तर पुढचं चाक खालच्या नळीला चिकटून दिसतं आणि वळताना पायाचा अंगठा मडगार्डला लागतो. मागच्या बाजूसाठी खिशात सुतळी ठेवा. मागच्या चाकाचा एक्सल बसतो त्या एका बाजूच्या खाचेत सुतळी अडकवा, पुढच्या नळीला वळसा घाला, दुसऱ्या बाजूच्या खाचेत आणून ताणून धरा, आणि सीटच्या नळीपासून सुतळीचं अंतर दोन्हीकडं मोजा. दोन-तीन मिलिमीटरचा फरक चालतो, बोटभर फरक आला तर ठेवा खाली. आपल्याकडं दुधाच्या किटल्या, वैरणीचे भारे, गूळ, काय काय वाहिलंय या सायकलींनी, त्यामुळं मागच्या दांड्या एका बाजूला गेलेल्या सायकली खूप भेटतात.

आणि वेल्डिंग. जुन्या फ्रेमचे सांधे पितळ वितळवून जोडलेले असतात, त्यावर कोणीतरी वेल्डिंगचा टाका मारला की आजूबाजूची पातळ नळी जळते आणि पुढचा तडा बरोबर टाक्याच्या शेजारी जातो. कॅरिअर नाहीतर स्टँड फ्रेमला वेल्ड केलेला असेल तर मी पुढं बघतच नाही.

विकणारा म्हणतो, "साहेब, लंडनची हाय ती, गेअर तेवढा जाम हाय, आठशे द्या न् न्या." इथं कान टवकारा! मागच्या हबवर स्टर्मी-आर्चर (गेअरचे हब बनवणारी इंग्लिश कंपनी) असं कोरलेलं असेल आणि बरोबर एडब्ल्यू ही अक्षरं असतील तर तो तीन गेअरचा हब आहे आणि बहुतेक वेळा तो जाम नसतोच. हा हब केबल ओढली नाही तर आपोआप तिसऱ्या, म्हणजे सगळ्यात जड गेअरमध्ये राहतो. केबल कधीतरी तुटली, परत कोणी घातली नाही, आणि वर्षानुवर्षं लोक जड गेअरमध्ये पाय मोडत चालवत राहिले आणि शेवटी गेअर गेला म्हणून कोपऱ्यात लावली. एक्सलच्या उजव्या टोकातून बारीक साखळी बाहेर येते, ती चिमटीत धरून ओढताना दुसऱ्याला पायडल मागंपुढं करायला सांगा. साखळी दोन टप्प्यांत बाहेर आली आणि पायडल हलकं झालं तर आतलं मशीन जिवंत आहे. साखळीच नसेल तर भाव पाडा, तो वेगळा पार्ट शोधायला वेळ जातो.

याच हबवर शिक्क्यात वर्ष आणि महिना पण असतो, ५६ आणि ४ दिसलं तर एप्रिल १९५६. ही तारीख हबची झाली, सायकलीची नव्हे, चाक मधे कधीतरी बदललेलं असू शकतं. घरी आणल्यावर ग्रीस ठासू नका, टोपणातून पातळ मशीन ऑइलचे थेंब सोडा, दोन दिवस तशीच ठेवा. चालवताना दुसरा आणि तिसरा यांच्यामधे पायडल रिकामं फिरतं म्हणून पण लोक घाबरतात, तिथं मुळातच न्यूट्रल आहे, केबल नीट लावायची असते. दुसऱ्या गेअरला ठेवून उजव्या नटच्या खिडकीतून बघा, साखळीच्या काडीचा खांदा एक्सलच्या टोकाच्या बरोबर लेव्हलला आला पाहिजे. पुढच्या चाकाला थाळीएवढा मोठा हब असेल तर तो डायनोहब, म्हणजे दिव्यासाठी आतच वीज बनवणारा हब, त्यातला चुंबक उघडून बाजूला काढायचा नाही, काढला की त्याची ताकद जाते आणि दिवा मिणमिणता होतो. मेस्त्रीला हे आधीच सांगून ठेवा.

मेस्त्रीवरून आठवलं. आपले जुने मेस्त्री सोन्यासारखी माणसं आहेत, मिरजेत किंवा माधवनगरला एखादा सत्तरीतला मेस्त्री ओळखीचा असेल तर त्याला धरून ठेवा, पण घाईतल्या पोराच्या हातात इंग्लिश सायकल देऊ नका. दोन गोष्टी बिघडतात. एक कॉटर, म्हणजे पायडलचा दांडा (क्रँक) एक्सलवर पक्का धरणारी खिळी. नट पूर्ण काढून हातोडा हाणला की आटे दबतात, कॉटर वाकतो आणि आत अडकतो, खाली आधार नसेल तर तो सगळा मार छर्र्यांच्या वाटीवर जातो. नट सैल करून कॉटरच्या टोकाच्या लेव्हलला आणायचा, क्रँकखाली लोखंडी पाइपचा भक्कम आधार द्यायचा आणि एकच जोरदार ठोका. आदल्या रात्री डिझेल सोडून ठेवलं तर अजून सोपं. दुसरी गोष्ट म्हणजे आटे. नॉटिंगहॅमच्या जुन्या रॅलेला पायडलच्या एक्सलच्या वाट्यांना आणि चिमट्याला इंचाला २६ आटे असतात, आपल्या बाजारातल्या मालाला २४. नवी वाटी सुरुवातीला दोन आटे बसते, मग अडते, मग पोरगा पाना लावून जोर करतो आणि फ्रेमचे आटे कापले जातात, आणि ते परत होत नाहीत. जुन्या वाट्या कशाही दिसत असल्या तरी फेकू नका, पाव इंची छर्रे नवे घाला, एका बाजूला अकरा, बास.

रंग देऊ नका, कृपा करून. जुन्या काळ्या रंगावरच्या सोनेरी रेघा हाताने ओढलेल्या असायच्या, स्प्रे मारला की त्या गेल्या आणि सायकलीची अर्धी किंमत गेली. केरोसीनचा बोळा हलक्या हाताने फिरवा, कोरडी करा, वर जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या. ब्रुक्सची चामड्याची सीट असली (बी ६६, बी ७२ असे नंबर बाजूला उठवलेले असतात) तर तिला खोबरेल लावू नका, चामडं मऊ पडून झोळी होते, आणि पुढचा नट एकदम आवळू नका, वाळलेलं चामडं रिव्हेटपाशी फाटतं.

भाव करताना खालची पट्टी आधी ठरवा. रोडस्टर (हीच जुनी उभी काळी सायकल) वीसेक किलोची भरते, त्या दिवशीचा भंगारचा दर विचारून घ्या आणि गुणा, त्याच्या खाली कोण देणार नाही. कुपवाडच्या बाजूच्या भंगारवाल्यांना सांगून ठेवा की काळी सायकल आली की कापायच्या आधी फोन करा, किलोच्या हिशोबाने होतील त्यावर सायकलीमागं शे-दोनशे जास्त देतो. पण चांगल्या सायकली भंगारात येतच नाहीत, त्या वाड्यात असतात. वाडा पाडायला निघाला, भाऊबंदकीत वाटण्या झाल्या, तालुक्याच्या गावातलं भाड्याच्या सायकलींचं दुकान कधीचं बंद पडलंय आणि मागच्या खोलीला कुलूप आहे, अशा जागा. सायकली आपल्या भागात फार आधी आल्या हो, किर्लोस्करवाडी वसवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी धंद्याची सुरुवातच १८८८ ला बेळगावात सायकलच्या दुकानाने केली होती, किर्लोस्करवाडी त्यानंतर १९१० ची. पलूस, तासगाव, आष्टा, इस्लामपूर या पट्ट्यात शिक्षक, तलाठी, कारखान्याचे लोक, सगळे सायकलवर. घरात चौकशी करताना "विंटेज" हा शब्द काढू नका, पण खोटं पण बोलू नका. "काकू, काकांची सायकल तुम्ही देणार असाल तर मी चालवायला नेईन, मोडायला नाही," असं सरळ सांगितलेलं जास्त चालतं. आणि मुलगा द्यायला तयार पण आजींचं मन होत नाही असं दिसलं तर चहा घ्या, नंबर ठेवा आणि परत या, तिथं ओढाताण करून घेतलेली सायकल मला तरी नको.

कागद मात्र घ्याच, पाचशेची असली तरी. बिल कोणाकडंच नसतं, पण साध्या कागदावर विकणाऱ्याचं नाव, सही, तारीख, रक्कम आणि फ्रेम नंबर लिहून घ्या, त्याच्या ओळखपत्राचा फोटो काढा. नंबर सीटखालच्या सांध्यावर नाहीतर पायडलच्या नळीखाली ठोकलेला असतो, रंगाच्या थरात बुजला असेल तर कागद ठेवून पेन्सिल घासा म्हणजे उमटतो. नंबर कानशीने घासलेला दिसला तर कितीही स्वस्त असू दे, हात लावू नका, चोरीचा माल माहीत असून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. स्टेशनच्या स्टँडवर धूळ खात पडलेल्या सायकली "कुणाच्याच नाहीत, न्या" म्हणून कोणी देत असेल तर त्याला पण हेच लागू. फ्रेमवर किंवा हँडलला नगरपालिकेच्या सायकल कराचा जुना पितळी नाहीतर पत्र्याचा बिल्ला लटकत असेल तर तो काढू नका, त्यावरचं गाव आणि साल विकणाऱ्याच्या सांगण्याशी जुळतंय का ते तिथंच उभं राहून बघून घ्या.