गटाराच्या कडेने सायकल चालवू नका

बावीस वर्षं ठाण्यात, नौपाड्यात सायकलवरून पेपर टाकतोय. हल्ली पहाटे येऊरच्या डोंगराकडे सायकलवर निघालेली पोरं दिसतात. सायकल लाखाची, पण चालवतात गटाराला घासून. माझं पहिलं सांगणं तेच: कडेपासून हातभर आत चालवा. कडेला खडी, काचा आणि झाकणं असतात. त्यात तुम्ही कडेला गेलात की मागच्या गाडीवाल्याला वाटतं, जागा आहे, घुसवा.

सायकलला लायसन्स लागत नाही, विमा लागत नाही. म्हणून रस्त्यावर तिचा हक्क कमी होत नाही. ओव्हरटेक करताना बाजूने पुरेसं अंतर सोडायचं, हे २०१७ च्या वाहनचालन नियमांप्रमाणे गाडीवाल्याचं काम आहे. हॉर्नला घाबरून खड्ड्यात उतरू नका.

गोखले रोडवर उभ्या गाड्यांपासून दरवाजाएवढं अंतर ठेवा. मी एकदा दरवाजावर आपटलो, पेपर चिखलात गेले. गाडीवाल्याने पाचशेची नोट पुढे केली आणि मी घेतली. मनगट पुढे तीन आठवडे सुजलेलं होतं. तुम्ही असं करू नका. गाडीच्या नंबरचा फोटो काढा, ११२ लावा, डॉक्टरचे कागद जपून ठेवा. भरपाईसाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जाता येतं. कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे, तेव्हा रेंगाळू नका. गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तरी गंभीर जखमेला ५० हजार आणि मृत्यूला २ लाखांची भरपाई कायद्यात आहे.

आता आपलं वागणं. उलट्या बाजूने येणारा सायकलवाला मला डंपरपेक्षा नकोसा वाटतो. सिग्नल लाल असेल तर थांबा, रस्ता रिकामा असला तरी. उजवीकडे वळण्याआधी मागे बघा, मग हात सरळ बाहेर काढा, आधी दाखवा आणि नंतर वळा. माजिवड्याला पुलावर चढू नका, खालचा रस्ता धरा. पुलाच्या तोंडाशी गाड्या झटकन बाजू बदलतात. अंधारात मागे लाल दिवा हवाच.

थांब्यावर टीएमटीची बस उभी असेल तर तिच्या आणि फुटपाथच्या मधून कधीच काढू नका. माणसं तिथेच उतरतात. मागे थांबा. बस निघाली की ड्रायव्हर आरशात बघतो. मी हात उंचावतो, तोही उंचावतो. काहींशी अशी ओळख वर्षानुवर्षांची आहे, नाव मात्र एकाचंही माहीत नाही.