घाटाखाली रुजू होणाऱ्या नव्या प्राध्यापकांसाठी

जूनमध्ये रुजू होणार असाल तर पुस्तकांची खोकी सोबत आणू नका. गावीच राहू द्या, दिवाळीनंतर आणा. मी २००३ च्या जूनमध्ये परभणीहून दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात आले, तेव्हा एम.एस्सी.पासूनच्या वह्या, प्रबंधाच्या दोन प्रती आणि प्रमाणपत्रांची फाइल पत्र्याच्या ट्रंकेत भरून आणली होती. ऑगस्टमध्ये ट्रंक उघडली तेव्हा प्रबंधाच्या पुठ्ठ्यावर हिरवट थर चढला होता आणि फाइलमधले कागद एकमेकांना चिकटले होते. त्या दिवशी मला रडू आलं. तुमच्यावर ती वेळ येऊ नये. मूळ प्रमाणपत्रं जाड प्लॅस्टिकच्या हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. निळे खडे गुलाबी झाले की त्यांनी ओल धरली असं समजायचं. प्रयोगशाळेतल्या ओव्हनमध्ये तापवले की ते पुन्हा निळे होतात. आणि सगळं आजच स्कॅन करा. पुढे पदोन्नतीसाठी कॅसची (करिअर ॲडव्हान्समेंट स्कीमची) फाइल भरताना दहा वर्षांपूर्वीच्या प्रशिक्षणाचंही प्रमाणपत्र मागतात.

कोकण कृषी विद्यापीठ १८ मे १९७२ रोजी सुरू झालं. राज्यातल्या चार कृषी विद्यापीठांपैकी आपल्याकडे पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतचा सगळा किनारा येतो. आपण दापोलीला चाललो असं मनात धरून आलात, तरी आदेश कर्जतच्या भात संशोधन केंद्राचा असू शकतो, वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राचा असू शकतो किंवा रत्नागिरीजवळच्या भाट्ये इथल्या नारळ केंद्राचा. या जागांमधलं अंतर घाटावरच्या माणसाला नकाशावर कळत नाही. कर्जतहून वेंगुर्ल्याला जायचं म्हणजे जवळजवळ अख्खी कोकणपट्टी ओलांडायची.

दर वर्षी मराठवाडा, विदर्भ, खानदेश, सोलापूरकडची मुलं-मुली इथे रुजू होतात, आणि त्यातले बरेच जण पहिल्या दिवसापासून परतीची तारीख मोजू लागतात. माझ्याबरोबर आलेल्या एका सहकाऱ्याने सहा वर्षं भाड्याच्या खोलीत कपाटसुद्धा घेतलं नाही. कधी गावाकडे जागा निघेल आणि अर्ज करता येईल, एवढंच डोक्यात. त्यात त्याची सहा वर्षं गेली आणि कामही गेलं, कारण इथली झाडं वर्षभरात उत्तर देत नाहीत. हापूसचं कलम लावलं तर फळ धरायला पाच-सहा वर्षं जातात. विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून 'रत्ना' ही जात १९८१ मध्ये दिली आणि त्याच रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून 'सिंधु' १९९२ मध्ये दिली. मधली अकरा वर्षं कुणीतरी त्याच झाडांखाली उभं राहून मोहोर, फळ, कोय यांच्या नोंदी करत होतं. माझं कळकळीचं सांगणं एवढंच आहे की कपाट पहिल्या महिन्यात घ्या.

आता रोजच्या कामाकडे येते. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास शिकवणं धरलेलं आहे, सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापकांना १४. हे आकडे पाहून नवी मंडळी निश्चिंत होतात. पण कृषी विद्यापीठात शिक्षण, संशोधन आणि विस्तार (म्हणजे शिफारशी शेतकऱ्यांपर्यंत पोचवणं) ही तिन्ही कामं एकाच माणसाकडे असतात. '२+१' श्रेयांकांचा विषय मिळाला की दोन तास व्याख्यान आणि दोन तासांचं प्रात्यक्षिक, हे वेळापत्रकात दिसतं. प्रात्यक्षिकासाठी सकाळी सातला बागेत जाऊन रोगट पानं गोळा करणं मात्र त्यात लिहिलेलं नसतं. पदव्युत्तर विद्यार्थी हाताखाली आला की त्याचा संशोधन आराखडा, सल्लागार समितीची बैठक, प्रक्षेत्रावरचे मजूर, रसायनांची मागणी, त्या मागणीवरच्या सह्या, हे सगळं ओघाने येतं. विभागातल्या लिपिकाशी आणि शेतावरच्या मुकादमाशी पहिल्याच आठवड्यात ओळख करून घ्या. माझे निम्मे प्रयोग आमच्या मुकादमकाकांनी वाचवले आहेत. पाणी कुठे तुंबतं आणि कुठल्या कोपऱ्यातून वानरं येतात हे त्यांना पाठ होतं.

विस्ताराचं काम मी कशी शिकले ते जरा सविस्तर सांगते, कारण तिथे पुस्तक आणि कोकण यांच्यातली फट दिसते. सुपारीला पावसाळ्यात फळगळ होते. इथे तिला कोळेरोग म्हणतात. त्यावर एक टक्का बोर्डो मिश्रण फवारतात, म्हणजे १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळे भिजवायचे, लोखंडी भांडं वापरायचं नाही. मिश्रण झालं की चाकूचं स्वच्छ पातं बुडवून बघायचं. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, आणखी घालायचा. हे सगळं मला तोंडपाठ होतं. पहिल्याच जुलैत दापोली तालुक्यातल्या मुरुडजवळच्या एका वाडीत गेले. फळं गळून सडा पडला होता. मी खात्रीने सांगितलं, आता लगेच बोर्डो मारा. बागेचे मालक, सत्तरीचे काका, पोफळीच्या खोडावरून हात फिरवून म्हणाले, "मॅडम, हे शेवाळ बघा. जुलैत पोफळीवर चढायचं कुणी?"

मी खोडाला हात लावला. साबण लावल्यासारखं निसरडं होतं. वर घोसापर्यंत तीस-चाळीस फूट, आणि चढणारा माणूस घसरला तर खाली कातळ. तेव्हा मला कळलं की पहिली फवारणी पाऊस सुरू होण्याआधी करा या शिफारशीचा खरा अर्थ काय. पाऊस पडायला लागल्यावर औषध आहे, पण तिथवर पोचणारा माणूस नाही. म्हणून मे संपायच्या आत पहिली फवारणी आणि नंतर चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी उघडीप बघून दुसरी. आता मी बोर्डोचं प्रात्यक्षिक घेते तेव्हा मुलांना मिश्रण करायला लावतेच, पण त्याआधी पोफळीच्या खोडाला हात लावायला नेते. तुमचा विषय कुठलाही असो, मृदाशास्त्र असो की कृषी अर्थशास्त्र, पहिलं वर्ष शिफारस सांगताना शेतकऱ्याला विचारा: हे करायला माणूस मिळतो का, आणि कधी मिळतो?

पावसाळ्यातली प्रयोगशाळा हा वेगळाच अभ्यास आहे. दापोलीत वर्षाला सुमारे ३५०० मिलिमीटर पाऊस पडतो. परभणीत हजाराच्या आतच. जुलैत आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. पेट्री डिशमध्ये तुम्हाला हवी ती बुरशी सोडून बाकी सगळ्या वाढतात. म्हणून बुरशी वाढवायचं माध्यम एकदम जास्त करून ठेवू नका, दोन दिवसांपुरतंच करा. लॅमिनार फ्लो (गाळलेल्या स्वच्छ हवेचं कपाट) सुरू केल्यावर निदान अर्धा तास थांबा. बुरशीची शुद्ध संवर्धनं एका नळीत ठेवायची नाहीत, तीन-चार नळ्यांत ठेवा आणि त्यातल्या दोन निर्जंतुक लिक्विड पॅराफिनखाली बुडवून ठेवा. वीज गेली आणि फ्रीज बंद पडला तरी त्या टिकतात. वनस्पतींचे नमुने दाबायचे असतील तर टीपकागद रोज बदला आणि पेटीत एक बल्ब लावा. सूक्ष्मदर्शकाच्या भिंगांवरही बुरशी चढते, म्हणून काम झालं की तो सुक्या पेटीत ठेवायचा. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एक भिंग गेल्यावर कळलं.

वर्षाचा हिशोब इथे वेगळा मांडावा लागतो. सातव्या सत्रातली मुलं 'रावे'साठी, म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी, गावोगावी राहायला जातात तेव्हा भातलावणी चालू असते. तुम्हाला भेटीला जायचंय ते बांधावरून, चिखलातून. बूट घरी ठेवा, पट्टा असलेल्या प्लॅस्टिकच्या चपला घ्या. हापूसला नियमित फळ यावं म्हणून पॅक्लोब्युट्राझॉल हे वाढ रोखणारं संजीवक द्यायचं ते १५ जुलै ते १५ ऑगस्टच्या दरम्यान, तेव्हा फळबागवाल्या सहकाऱ्यांना त्या महिन्यात दुसरी कामं सांगू नका. गणपतीत गौरी-विसर्जनापर्यंत कुठलीही चाचणी ठेवू नका. मुंबईहून चाकरमानी आलेले असतात, घरं भरलेली असतात आणि मुलांना घरी जायचं असतं. शिमग्यालाही तेच. तेव्हा ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते. तुम्ही भाड्याने राहत असलात तरी ती तुमच्या दारात थांबू शकते. घरमालकीण काकूंना आधी विचारून ओटीचं सामान आणून ठेवा.

डिसेंबर ते फेब्रुवारीत मोहोर असतो. या तीन महिन्यांत मळभ आलं की माझा फोन सकाळी सहाला वाजायला लागतो. मोहोरावर भुरी आली, तुडतुडे आले, आता काय मारू? तो फोन उचला. बागायतदाराचं वर्षाचं उत्पन्न त्या मोहोरावर असतं, आणि तुम्ही ज्याचा फोन उचलता तोच पुढे तुमच्या प्रयोगाला झाडं देतो. उन्हाळ्याच्या शेवटाला जॉइंट ॲग्रेस्को, म्हणजे कृषी विद्यापीठांची संयुक्त संशोधन बैठक, असते. चारही विद्यापीठांच्या शिफारशी तिथे मांडल्या जातात आणि तीन-तीन वर्षांच्या आकडेवारीवर प्रश्न विचारले जातात. आमच्या विभागात मार्च-एप्रिलच्या रात्री त्या तक्त्यांत जातात.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. मी सतरा वर्षं ज्या बागेत नोंदी घेत होते तिथे दुसऱ्या दिवशी वाट सापडेना. नारळ, पोफळी, कलमं आडवी. आमच्या आळीत वीज यायला कित्येक आठवडे लागले. त्या दिवसांत विद्यापीठातले आम्ही सगळे गावोगाव फिरलो. कुठली कलमं उभी करून माती लावली तर जगतील, कुठल्या तुटलेल्या फांद्या कापून बोर्डो पेस्ट लावायची, एवढंच सांगायचो. पोफळीच्या बाबतीत सांगण्यासारखं फार थोडं होतं. नवी पोफळ फळायला सहा-सात वर्षं लागतात, हे तिच्या मालकाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. मुरुडजवळचे तेच काका बागेत एका पडलेल्या खोडावर बसले होते. मी त्यांच्याशेजारी बसले. बराच वेळ आम्ही दोघंही काही बोललो नाही. त्याच ऑक्टोबरात त्यांनी विद्यापीठातून रोपं नेली. आता त्या रोपांना पहिले घोस धरायला लागलेत, आणि मे महिन्यातली फवारणी आमचे विद्यार्थी तिथे करून दाखवतात.

राहण्याचं थोडक्यात. घर बघताना जांभ्याच्या भिंतींना आतून ओल येते का ते विचारा आणि पडवी असलेलं घर घ्या, नाहीतर जूनपासून कपडे वाळत घालायला जागा मिळत नाही. मेमध्येच आगोटीची, म्हणजे पावसाळ्यापूर्वीची, खरेदी करा: तांदूळ, डाळी, कांदे, मेणबत्त्या. मासे खात असाल तर हर्णैच्या लिलावाला एकदा जा, पण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, तेव्हा सुकट-सोडे आधी भरून ठेवा. रेल्वेसाठी खेड स्टेशन. पावसाळ्यात घाटात दरडी कोसळतात, वरंध घाट तर अनेकदा बंदच असतो. म्हणून गावी जायची सुटी एक दिवस जास्तीची टाका. ज्वारीचं पीठ दोन-तीन किलोंपेक्षा जास्त आणू नका. दमट हवेत ते कडू होतं. ज्वारी आणा आणि लागेल तशी दळून घ्या.

रुजू झालात की पहिल्या रविवारी आमच्याकडे जेवायला या. छत्री पडवीतल्या खिळ्याला अडकवा, ओले मोजे आमच्या चुलीजवळ वाळत घाला. भाकरी ज्वारीचीच असेल.