कॅलिफोर्नियात नोकरी सुटली? बेकारी भत्त्याचा अर्ज असा करा

बे एरियात नोकरी गेली की आपली माणसं पहिल्या दिवशी रेझ्युमे झाडून काढतात, दुसऱ्या दिवशी ओळखीपाळखीत फोन फिरवतात. बेकारी भत्त्याचं नाव काढलं की मात्र म्हणतात, "सरकारपुढे कुठे हात पसरायचे!" हात पसरायचा प्रश्नच नाही. हा विमा आहे आणि त्याचा हप्ता कंपनीने भरलेला असतो, तुमच्या पगारातून एक सेंटही न कापता. पगारानुसार आठवड्याला 40 ते 450 डॉलर, जास्तीत जास्त 26 आठवडे मिळतात. आयटीचा पगार असेल तर बहुधा 450च. सनीवेलचं घरभाडं त्यात निघत नाही, पण किराणा आणि गाडीचा हप्ता निघतो.

एक अट आधीच पाहून घ्या: तुम्हाला अमेरिकेत काम करण्याची परवानगी हवी. नागरिक, ग्रीन कार्डवाले आणि ईएडीवाले (म्हणजे ज्यांच्याकडे कामाच्या परवानगीचं कार्ड आहे ते) यांना अडचण नसते. एच-1बी या नोकरीच्या व्हिसाचं तसं नाही. तो व्हिसा कंपनीला बांधलेला, त्यामुळे इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय अर्ज करू नका.

अर्ज ईडीडी या कॅलिफोर्निया राज्याच्या रोजगार खात्याकडे, त्यांच्या मायईडीडी या वेबसाइटवर खातं उघडून करायचा. नोकरी सुटली त्याच आठवड्यात करा. तुमचा दावा अर्ज केलेल्या आठवड्याच्या रविवारपासून धरला जातो आणि पात्र ठरलेला पहिला आठवडा बिनपैशाचा जातो. "सेव्हरन्स (नोकरीवरून काढताना कंपनी देते ती रक्कम) मिळालाय, तो संपला की बघू" असं म्हणत थांबू नका. सेव्हरन्सची रक्कम अर्जात लिहा, पुढचं ईडीडी ठरवेल.

सोशल सिक्युरिटी नंबर, ओळखपत्र, कामाच्या परवानगीचा कागद आणि गेल्या 18 महिन्यांतल्या सगळ्या नोकऱ्यांच्या तारखा, पत्ते, पगार हाताशी ठेवा. कन्सल्टन्सीतून काम करणारे इथे हमखास चुकतात. तुम्ही रोज ज्या कंपनीत जाऊन बसत होता ती नव्हे, पगाराच्या स्लिपवर ज्या कंपनीचं नाव आहे ती लिहायची.

खरी मेख आहे ती नोकरी का सुटली या प्रश्नात. लेऑफ असेल, म्हणजे कंपनीने कपातीत काढलं असेल, तर काम संपल्याचा पर्याय निवडा आणि पुढे चला. राजीनामा दिला असेल तर भत्ता मिळत नाही असा सरसकट समज आहे, तो चूक. कारण सबळ असलं तर मिळतो: प्रकृती, घरातल्या आजारी माणसाची देखभाल, कामाच्या जागी धोका, किंवा जोडीदाराची नोकरी रोज ये-जा न जमण्याइतक्या लांब गेली म्हणून तुम्हालाही हलावं लागणं. बॉस कटकट्या होता, एवढ्यावर मात्र भागत नाही. शिवाय राजीनाम्याआधी नोकरी टिकवायचा प्रयत्न केला होता हे दिसावं लागतं. म्हणून नुसतं "वैयक्तिक कारण" लिहू नका. "नवऱ्याची नोकरी सॅन दिएगोला गेली. मी 3 तारखेला घरून काम मागितलं, 10 तारखेला नकार आला, म्हणून राजीनामा दिला," असं तारखांसकट लिहा आणि त्या ईमेलच्या प्रती ऑफिसचा लॅपटॉप परत करण्याआधीच स्वतःकडे घ्या. ईडीडी कंपनीलाही विचारते. दोघांच्या सांगण्यात फरक पडला की फोनवर मुलाखत ठरते. त्या दिवसांत अनोळखी नंबर स्पॅम समजून कापू नका.

टपालाने येणाऱ्या पहिल्या पत्रावर भत्त्याचा आकडा असतो. तो पाहून पेढे वाटू नका. पात्र ठरलात तर किती मिळेल, एवढंच ते पत्र सांगतं.

मग दर दोन आठवड्यांनी 'सर्टिफाय' करायचं, म्हणजे त्या आठवड्यांच्या भत्त्यासाठी ईडीडीच्या प्रश्नांची उत्तरं द्यायची. काम शोधलंत का, मिळालेलं नाकारलंत का, कमाई झाली का, पूर्ण वेळ काम घेता आलं असतं का, असे थोडेच प्रश्न असतात, पण फसवे. मित्राच्या रेस्टॉरंटमध्ये दोन दिवस फुकट गल्ला सांभाळलात, तरी ते काम सांगावं लागतं. कमाई चेक आला त्या आठवड्यात नव्हे, काम केलं त्या आठवड्यात दाखवायची. आणि "आता रिकामाच आहे, महिनाभर पुण्याला आईकडे जाऊन येतो" असा बेत असेल, तर त्या आठवड्यांचा भत्ता सोडून द्या. पुण्यात बसून इथल्या कामाला तयार आहे म्हणणं म्हणजे खोटी माहिती. पैसे दंडासह परत द्यावे लागतात.

भत्त्यावर कॅलिफोर्नियाचा कर नाही, पण केंद्राचा आहे. 10 टक्के आधीच कापून घ्यायला सांगा, एप्रिलमध्ये कर भरताना त्रास वाचतो.

नकार आला तर पत्रावरच्या तारखेपासून 30 दिवसांत अपील करता येतं, फॉर्म सोबतच येतो. सुनावणी ईडीडीपेक्षा वेगळ्या न्यायाधीशापुढे होते. निकाल लागेपर्यंत सर्टिफाय करणं सोडू नका; जिंकलात तरी पैसे सर्टिफाय केलेल्या आठवड्यांचेच मिळतात.