उन्हाळ्यात बाल्कनीतली भाजी कशी जगवायची
ठाण्यात घोडबंदर रोडला पश्चिमेची बाल्कनी असेल तर एप्रिल-मेमध्ये कोथिंबीर, पालकाच्या फंदात पडूच नका, गरमीने लगेच तुरे येतात. भेंडी, गवार, चवळी, लाल माठ लावा, ही मंडळी उन्हाला दाद देत नाहीत.

सगळ्यात आधी माती झाका. रसवंतीवाल्याकडून उसाची चिपाडं मागून आणा, कडक वाळवा नाहीतर मुंग्यांची जत्रा भरते, मग तुकडे करून कुंडीत 2 इंच थर द्या, फक्त खोडाला चिकटवू नका, कुजतं. पाणी सकाळी लवकर, आणि आधी मातीत बोट खुपसून बघायचं, आत ओल असेल तर राहू द्या. दुपारी भेंडीने मान टाकली म्हणून बादली ओतू नका हां, संध्याकाळी पानं परत ताठ झाली म्हणजे झाड ठीक आहे. मोठ्या ड्रममध्ये बिनरंगाचं छोटं मडकं गळ्यापर्यंत पुरा, पाणी भरून झाकण ठेवा, हळूहळू पाझरत राहतं. तांदूळ धुतलेलं पाणी चालतं, आरओचं वेस्ट पाणी रोज नको, क्षार साठतात. गच्चीवर कुंड्या विटांवर ठेवा, स्लॅब भयंकर तापतो.

टोमॅटो? 35 डिग्रीच्या वर फुलं गळतात, पावसाळा सरताना लावा.