जुनी सायकल आवडीनुसार बदलताना या चुका टाळा

जुनी सायकल मूळ रंगात, ओरखड्यांसकट जपावी की तिच्या पोलादी फ्रेमवर नवी चाके आणि सरळ हँडल चढवून ती रोज चालवावी, हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न आहे. बिघडते ते मागे घेता न येणारे काम घाईने उरकल्यामुळे.

त्यातली सर्वांत मोठी चूक म्हणजे सायकल आणल्या आणल्या फ्रेम रंगवायला देणे. सँडब्लास्टिंगमध्ये, म्हणजे वाळूच्या माऱ्याने जुना रंग काढताना, हाताने ओढलेल्या रेषा कायमच्या जातात आणि पावडर कोटिंगच्या, म्हणजे भट्टीत पक्क्या केलेल्या भुकटी-रंगाच्या, जाड थराखाली लगच्या (फ्रेमच्या नळ्या जोडणाऱ्या खोबण्यांच्या) कडा व फ्रेमवर ठोकलेला क्रमांक बुजतो. आधी साबणाच्या पाण्याने धुऊन पाहावे. पुष्कळदा गंज वाटतो तो वाळलेल्या तेलाचा थर निघतो. स्टर्मी-आर्चर या इंग्लिश कंपनीच्या जुन्या तीन गिअरच्या हबवर (चाकाच्या मधल्या तुंब्यावर) बहुधा वर्ष आणि महिना ठोकलेला असतो, म्हणून चाक बदलण्यापूर्वी तेवढा भाग पुसून वाचावा.

मापांचा घोळ वेगळाच. टायरवर २६ × १-३/८ एवढेच लिहिलेले असले तरी त्या मापाच्या इंग्लिश सायकलींच्या रिमचा व्यास ५९० मि.मी. असतो, तर श्विन या अमेरिकन कंपनीच्या अनेक जुन्या सायकलींचा ५९७. टायर चढत नाही म्हणून लोक तो पान्याने ओढतात आणि ट्यूब फाडून घेतात. आट्यांचेही तसेच. इंग्लिश बॉटम ब्रॅकेटची (पॅडलचा आस ज्यात फिरतो त्या भागाची) उजवी वाटी उलट्या आट्यांची असते, इटालियन फ्रेमची तशी नसते आणि रॅले या इंग्लिश कंपनीच्या जुन्या सायकलींचे आटे इंचाला २४ ऐवजी २६ असतात. वाटी हाताने दोन-तीन फेरे सहज फिरत नसेल, तर थांबावे.

पॅडल मारताना प्रत्येक फेरीत 'कट्' असा हिसका जाणवला, तर बेअरिंगआधी कॉटर पिन, म्हणजे क्रँक (पॅडलचा दांडा) आसाला घट्ट धरणारी पाचर, तपासावी. ती काढताना क्रँकला खालून आधार न देता हातोडी मारली, तर सगळा मार छर्ऱ्यांवर बसून वाटीत खड्डे पडतात. आदल्या रात्री गंजलेल्या फटींत शिरणारे भेदक तेल सोडावे, नट पिनेच्या टोकाशी समपातळीवर आणावा, क्रँकखाली जाड नळीचा भक्कम टेकू द्यावा आणि एकच जोरकस ठोका मारावा. ठोक्याऐवजी पिन दाबून काढणारा शिकंजा असेल तर उत्तमच. नव्या दोन्ही पिना परस्परविरुद्ध दिशांनी बसवाव्यात, नाहीतर पॅडल एका रेषेत राहत नाहीत.

पावसात ब्रेक लागत नाही म्हणून ब्रेकची तार ताणत बसणे व्यर्थ आहे, कारण दोष ओल्या, क्रोम चढवलेल्या पोलादी रिमचा असतो. अॅल्युमिनियमची रिम हा माझ्या मते सर्वांत समंजस बदल आहे, कारण जुनी चाके जपून ठेवली की तो केव्हाही मागे घेता येतो. मात्र २७ इंची चाकाच्या जागी ७००सी या मापाचे चाक बसवताना रिमचा व्यास ६३० वरून ६२२ मि.मी. होतो, म्हणून ब्रेकचे रबर चाकाच्या आसाकडे ४ मि.मी. सरकण्याइतकी जागा ब्रेकच्या दांडीत आहे का, हे रिम विकत घेण्याआधी मोजावे.