नाल्याच्या पाण्यावर गहू-बटाटा घेताय? ओलवणीआधी हे तपासा

सोयाबीन निघालं की इंदूरच्या खालच्या अंगाला, सांवेरच्या बाजूने, शहराचं सांडपाणी घेऊन येणाऱ्या कान्ह नदीच्या काठी मोटारी सुरू होतात. बोअर आटले तरी हे पाणी आटत नाही, शिवाय त्यात खतही असतं. म्हणून ते सोडूनच द्या असं मी म्हणणार नाही. पण त्याच्यासोबत शेतात काय काय येतं, याचा हिशेब पलेव्याआधीच, म्हणजे पेरणीपूर्वीच्या ओलवणीआधीच मांडा.

एका हेक्टरला ६ सेंटिमीटरचं एक पाणी म्हणजे ६ लाख लिटर. लिटरमागे ३० मिलिग्रॅम नत्र धरलं तर १८ किलो नत्र, म्हणजे ३९ किलो युरिया त्यातच आला. वर नेहमीचा पूर्ण डोस दिला की गहू माजतो आणि ओंबी भरताना लोळतो. बटाट्याचा पाला फोफावतो, कंद मागे पडतात. त्याच पाण्याचा ईसी (विद्युत वाहकता, म्हणजे क्षारांचं माप) १.५ डेसीसायमन प्रति मीटर असेल तर त्याच एका पाळीत पावणेसहाशे किलोच्या आसपास क्षारही येतात. नत्र पीक उचलतं, क्षार बहुतेक मातीतच राहतात. सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटमधून आलेल्या पाण्यालाही हे लागू आहे. तिथे घाण आणि जंतू कमी होतात, विरघळलेलं मीठ तसंच पुढे येतं.

माळव्याच्या काळ्या मातीला खरा धोका सोडियमचा. चिकणमातीचे कण सुटे होतात, भेगा-छिद्रं बुजतात, पाणी मुरत नाही. नाल्याचं पाणी चालू असताना हे फारसं जाणवत नाही. पावसाचं गोडं पाणी पडलं की पपडी धरते आणि उगवण अडते. घरी पाहायचं तर वाळलेल्या मातीचा वाटाण्याएवढा खडा काचेच्या ग्लासात, बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड पाण्यात अलगद सोडा. ढवळू नका. खडा नुसता ढासळला तर घाबरायचं कारण नाही. दोन-चार तासांत त्याच्याभोवती दुधी ढग पसरला, तर सोडियमने काम सुरू केलंय.

मग पाण्याची तपासणी टाळू नका. त्याच पाण्याने विसळलेल्या स्वच्छ बाटलीत लिटरभर पाणी, आणि शेतात आठ-दहा ठिकाणी १५ सेंटिमीटरपर्यंत खणून एकत्र केलेली अर्धा किलो माती घ्या. नमुने कुठे द्यायचे ते कस्तुरबाग्रामच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा इंदूरच्या कृषी महाविद्यालयात विचारा. पाण्याचा ईसी, एसएआर (कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या तुलनेत सोडियम किती) आणि आरएससी (कॅल्शियम-मॅग्नेशियमपेक्षा जास्तीचे कार्बोनेट-बायकार्बोनेट किती) मागा. आरएससी लिटरमागे १.२५ मिलिइक्विव्हॅलंटच्या आत असेल तर ठीक, २.५ च्या वर गेला तर ते पाणी एकट्याने देऊ नका. विहिरीच्या पाण्याशी पाळी बदलून द्या. मातीतलं सोडियम सुटं करणाऱ्या जिप्समचा डोस मातीच्या अहवालावरूनच ठरवा, शेजाऱ्याने टाकलं म्हणून नको. ते पावसाळ्याआधी वरच्या थरात मिसळा आणि चर मोकळे ठेवा, नाहीतर सुटलेलं सोडियम वाहून जायला वाटच राहत नाही.

पीक निवडताना गहू, झेंडू बरे. कोथिंबीर, मुळा, गाजर असं कच्चं खाल्लं जाणारं काही या पाण्यावर घेऊ नका. पालक-मेथी शिजवून खातात खरी, पण पालेभाज्या कॅडमियमसारखे धातू पानांत ओढतात. पाण्यावर कारखान्याचा रंग किंवा रसायनाचा वास दिसला तर त्या दिवशी मोटर बंद. फेस दिसला तरीही. मातीत बसलेले धातू नंतर काढता येत नाहीत.

आणि पाणी वळवणाऱ्याला गमबूट द्या. अनवाणी पायांतून अंकुशकृमी शिरतो, आणि हे काम बहुतेक घरातलीच माणसं करतात.