पोलिसांनी विचारल्यावर शस्त्र परवाना कसा दाखवावा

नाकाबंदीत अडवलेल्या पोलिसाला दोन गोष्टी हव्या असतात. तुमचे हात कुठे आहेत हे दिसले पाहिजे आणि शस्त्रावर कोरलेला नंबर परवान्यातल्या नंबराशी जुळला पाहिजे. बिघडते ते बहुधा पहिल्या गोष्टीत, कारण घाईने परवाना काढायला गेलेला हात पिस्तुलाच्या दिशेने जाताना दिसतो.

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १९ नुसार शस्त्र किंवा काडतुसे बाळगणाऱ्या कोणत्याही माणसाकडे कोणताही पोलीस अधिकारी परवाना मागू शकतो. त्यामुळे ‘फौजदारसाहेबांना बोलवा, त्यांनाच दाखवतो’ असा हट्ट धरू नका. पोलीस साध्या वेशात असतील, तर आधी ओळखपत्र पाहण्याची विनंती जरूर करा. सोसायटीचा वॉचमन किंवा टोलनाक्यावरचा कर्मचारी यांना मात्र हा अधिकार नाही. मॉलचा सुरक्षारक्षक तुम्हाला आत सोडायला नकार देऊ शकतो, तुमचे शस्त्र ठेवून घेऊ शकत नाही.

घरातून निघण्यापूर्वी

मूळ परवाना बरोबर घ्या. झेरॉक्स गाडीत आणि मूळ पुस्तिका कपाटात, हा सर्वांत नेहमीचा घोटाळा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याच्या व्याख्येत इलेक्ट्रॉनिक स्वरूपातला परवानाही येतो, पण मोबाइलमध्ये काढून ठेवलेला पुस्तिकेचा फोटो म्हणजे इलेक्ट्रॉनिक परवाना नव्हे.

पुस्तिका उघडून या नोंदी स्वतः वाचा:

- मुदत. २०१९ पासून परवाना पाच वर्षांसाठी मिळतो, त्याआधी तीन वर्षांसाठी मिळत असे. जुन्या पुस्तिकेवरची तारीख नीट पाहा. मुदत संपलेला परवाना म्हणजे विनापरवाना शस्त्र, आणि त्याला किमान दोन ते कमाल पाच वर्षे कैदेची तरतूद आहे. नूतनीकरणाचा अर्ज दोन महिने आधीच द्या.
- क्षेत्र. फक्त जिल्हा, महाराष्ट्र की संपूर्ण भारत? सावंतवाडीहून पणजीला निघालेल्याचा ‘महाराष्ट्र राज्य’ असा शिक्का असलेला परवाना पत्रादेवीच्या नाक्यापलीकडे चालत नाही. कोल्हापूरहून निपाणीकडे जातानाही तेच.
- शस्त्राचा प्रकार, बोअर (नळीच्या भोकाचे माप) आणि नंबर. लिहिणाऱ्याने ‘बी’ चा आठ केलेला असू शकतो. ही चूक कार्यालयात दुरुस्त होते, रात्री अकरा वाजता महामार्गावर होत नाही.
- काडतुसांची संख्या. खिशात, बॅगेत आणि मॅगझिनमध्ये (पिस्तुलात बसणाऱ्या काडतुसांच्या पेटीत) आहेत ती सगळी धरून मोजा.

काडतुसांबद्दल आणखी एक. .३२ हा आकडा रिव्हॉल्व्हरलाही आहे आणि पिस्तुलालाही, पण काडतुसे वेगळी असतात. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. पिस्तुलाच्या काडतुसाची कड जवळजवळ अंगाबरोबर असते. परवाना रिव्हॉल्व्हरचा आणि बॅगेच्या तळाशी मित्राने दिलेली पिस्तुलाची दोन काडतुसे सापडली, तर परवाना खरा असूनही तुम्ही अडचणीत येता.

शस्त्र कुठे ठेवायचे याचाही नियम आहे. सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर होल्स्टरमध्ये (शस्त्राच्या म्यानात), पूर्ण झाकलेले आणि तुमच्या ताब्यात असले पाहिजे. लांब बंदूक तिच्या कव्हरमध्ये. शर्ट वर खोचून मूठ दाखवत हिंडणे हौसेचे असेल, नियमाचे नाही. परवाना मात्र शस्त्राजवळ ठेवू नका. उजव्या कमरेला होल्स्टर असेल तर परवाना शर्टाच्या वरच्या डाव्या खिशात. पिस्तूल आणि परवाना एकाच पाउचमध्ये असले, तर परवाना काढताना शस्त्राला हात लागणारच.

अडवल्यावर

१. गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा, रात्र असेल तर आतला दिवा लावा. काच खाली करून दोन्ही हात स्टिअरिंगवर, बोटे दिसतील असे ठेवा. पट्टा सोडू नका, कारण पट्टा सोडायला गेलेला हात कमरेच्या होल्स्टरकडे गेल्यासारखा दिसतो. दुचाकीवर असाल तर स्टँड लावून उतरा आणि हात हँडलवरच राहू द्या. डिकी उघडू नका.

२. विचारण्याआधीच सांगायला कायदा लावत नाही. पण झडती होणार हे दिसले, गाडीतून उतरायला सांगितले किंवा ‘काही आहे का?’ असा प्रश्न आला, की लगेच सांगा. वाक्य ठरलेले ठेवा: ‘साहेब, माझ्याकडे परवान्याचं शस्त्र आहे. उजव्या कमरेला होल्स्टरमध्ये आहे. परवाना डाव्या खिशात आहे, काढू का?’ ‘परवान्याचं’ हा शब्द ‘शस्त्र’ या शब्दाच्या आधी यायला हवा. ‘पिस्तूल आहे’ एवढेच मोठ्याने म्हणाल तर पुढचे शब्द कोणी ऐकणार नाही.

३. ‘काढा’ म्हटल्यावर एकाच हाताने, सावकाश काढा. दुसरा हात जिथे आहे तिथेच. फोटो आणि शस्त्राची नोंद असलेले पान उघडून द्या. बरोबर आधार कार्ड किंवा वाहनचालक परवाना असला तर ओळख लवकर पटते, कारण पुस्तिकेतला फोटो बऱ्याचदा दहा वर्षांपूर्वीचा असतो.

४. नंबर पाहायचा म्हटले तर शस्त्र स्वतःहून बाहेर काढू नका. ‘तुम्ही काढता की मी काढू?’ असे विचारा. तुम्हालाच सांगितले तर नळी जमिनीकडे, बोट ट्रिगरबाहेर. पिस्तुलात आधी मॅगझिन काढायचे, मग स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे ओढून चेंबर (झाडायची गोळी बसते ती जागा) रिकामे करायचे आणि उघडे दाखवायचे. हा क्रम उलटला की घोटाळा होतो. स्लाइड मागे गेल्यावर एक गोळी बाहेर पडते आणि स्लाइड परत येताना मॅगझिनमधली दुसरी चेंबरमध्ये चढते. मग मॅगझिन काढले तरी शस्त्र भरलेलेच राहते. रिव्हॉल्व्हरचे सिलिंडर उघडून काडतुसे हातात काढा. दुनळी बंदूक मोडूनच, म्हणजे नळ्या बिजागरीतून खाली उघडूनच द्या. मोडलेल्या बंदुकीतून गोळी सुटू शकत नाही हे लांबूनही दिसते.

५. नंबर जुळल्यावर शस्त्र तिथेच रस्त्यावर पुन्हा भरत बसू नका. होल्स्टरमध्ये किंवा कव्हरमध्ये ठेवा आणि निघा.

परवाना बरोबर नसेल तर

वाद घालू नका, नाव आणि पत्ता खरा सांगा. परवाना दाखवता आला नाही तर पोलीस नाव-पत्ता विचारू शकतात आणि गरज वाटल्यास शस्त्र जप्त करू शकतात. नाव सांगायला नकार दिला, खोटे नाव सांगताय असा संशय आला किंवा पळून जाल असे वाटले, तर वॉरंटशिवाय अटकही होऊ शकते. म्हणजे घरी विसरलेल्या पुस्तिकेचे प्रकरण अटकेपर्यंत जाईल की नाही, हे बरेचसे त्या दोन मिनिटांतल्या तुमच्या बोलण्यावर ठरते. दारू प्यायलेली असेल तर ती दोन मिनिटे तुमच्या बाजूने जात नाहीत.

जप्ती झालीच तर पंचनाम्याची प्रत मागा. तिच्यात शस्त्राचा प्रकार, बोअर, नंबर आणि काडतुसांची संख्या आहे का ते वाचूनच सही करा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार झडती आणि जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण करायचे असते, तेव्हा पोलीस मोबाइलवर चित्रण करू लागले तर बिचकू नका.

परवाना खरा असूनही जिथे अडचण होते

जत्रा, धार्मिक मिरवणूक, सभा आणि शाळा-महाविद्यालयाचे आवार इथे खास परवानगीशिवाय शस्त्र न्यायचे नाही, अशी अट परवान्यातच छापलेली असते. अट मोडल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. वरातीत हवेत गोळी झाडून कुणाच्या जिवाला धोका निर्माण केला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली सणासुदीला, आंदोलनांच्या काळात शस्त्रबंदीचे आदेश निघतात, बहुधा पंधरा दिवसांचे. बंदूक घेऊन निघण्याआधी आदेशाची मुदत आणि त्यातली सूट वाचा.

कोकणात शेतीसंरक्षणासाठी दिलेल्या ठासणीच्या किंवा एकनळी बंदुकांचे परवाने पुष्कळ आहेत. अशी बंदूक रात्री शेतापासून दूर, जीपमध्ये, सर्चलाइटसह सापडली, तर पोलीस आणि वनखाते दोघांनाही डुकराच्या शिकारीचा संशय येतो, आणि तो अकारण म्हणता येत नाही. राधानगरी किंवा कोयना अभयारण्यात मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वपरवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही, परवाना संपूर्ण भारताचा असला तरी.

निवडणुकीची आचारसंहिता लागली की अनेक परवानाधारकांना शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करण्याची नोटीस येते. जमा करताना शस्त्र आणि काडतुसे दोन्हींची पावती घ्या आणि ती परवान्याच्या पुस्तिकेतच ठेवा. त्या काळात कोणी परवाना पाहून ‘शस्त्र कुठे आहे?’ असे विचारले, तर दाखवायची ती हीच पावती. निकालानंतर शस्त्र परत घेताना ठाण्यातच नंबर आणि काडतुसे पावतीशी ताडून पाहा.